मातीची गाय आणि करडा ट्रॅक्टर

गौतमांच्या न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात एक मातीची गाय येते. शब्दाचा अर्थ कशात असतो, व्यक्तीत, आकृतीत की जातीत, असा वाद तेथे चालला आहे. ‘गाय’ हा शब्द आपण उच्चारतो तेव्हा आपणास काय अभिप्रेत असते? समोर उभी असलेली ही एकटी गाय, की शिंगे, वशिंड आणि गळ्याखालची पोळी यांची ती विशिष्ट ठेवण, की सर्व गायींत सारखेच असणारे गोत्व? गोत्वाचा कैवार घेणारा पक्ष म्हणतो, मातीची गाय पाहा. ती एक व्यक्ती आहे, तिची आकृतीही गायीचीच आहे. असे असूनही गायीवर जलप्रोक्षण कर, गाय घेऊन ये, गाय दान दे, असे सांगितले असता कोणीही शहाणा मनुष्य मातीच्या गायीकडे वळत नाही. तेव्हा व्यक्ती आणि आकृती यांच्यापलीकडचे काहीतरी तिच्या ठिकाणी कमी आहे, हे उघड होय. गौतमांचा स्वतःचा निर्णय व्यक्ती, आकृती आणि जाती ही तिन्ही मिळून शब्दाचा अर्थ होतो, असा आहे. आकृतीला त्यांनी दाराबाहेर काढलेले नाही, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या प्राचीन गायीची आठवण होण्यास निमित्त झाले ते एका अर्वाचीन छंदाचे. जुन्या ट्रॅक्टरांच्या हुबेहूब लहान प्रतिकृती जमविणारे लोक आज अनेक देशांत आहेत, आणि तेच जुने ट्रॅक्टर भंगारातून काढून, दुरुस्त करून पुन्हा उभे करणारेही आहेत. कित्येकदा एकाच घरात दोन्ही नांदतात. कपाटात काचेमागे अठरा सेंटिमीटरचा एक, आणि अंगणातल्या छपराखाली सुमारे तीन मीटरचा दुसरा. रंग तोच, बॉनेटवरील नाव तेच. मग प्रश्न येतो तो असा की, या दोहोंपैकी ‘खरा’ कोण? प्रश्न पोरकट वाटेल, आणि ‘मोठा तो खरा’ हे उत्तर तर जिभेच्या टोकावरच असते. परंतु ते उत्तर जरा थांबवून धरले, तर त्याच्या मागे एक नैतिक प्रश्न उभा असलेला दिसतो. ज्या वस्तूने माणसासाठी श्रम केले, तिचा आदर करावयाचा म्हणजे तिचे काय जपावयाचे?

सर्वच ट्रॅक्टरांविषयी मोघम बोलण्यापेक्षा एकच यंत्र समोर घेऊ. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरात १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत ‘फर्ग्युसन टीई-२०’ नावाचा ट्रॅक्टर तयार होत असे. पाच लाखांहून अधिक नग निघाले. सगळे करड्या रंगाचे, म्हणून तेथील शेतकरी त्याला लाडाने ‘छोटा करडा फर्गी’ म्हणत. वजन सुमारे अकराशे किलो, शक्ती आजच्या मानाने अगदी बेताची. डौल म्हणावा असा त्यात काही नाही. चालकाला बसावयास पत्र्याची एक खोलगट बैठक, वर छप्पर नाही, बाजूला दार नाही. त्याचे महत्त्व त्याच्या पाठीमागच्या तीन दांड्यांत आहे.

ते महत्त्व कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, आयर्लंडच्या शेतकी खात्याने हॅरी फर्ग्युसन या यंत्रज्ञाला शेतांवरील ट्रॅक्टरांचे काम सुधारण्याच्या कामी नेमले. त्या वेळच्या ट्रॅक्टरांना नांगर नुसता मागे बांधलेला असे, जसा बैलाच्या मागे ओंडका. फाळ जमिनीतल्या खडकाला अडकला की मागची चाके अडत. पण इंजिनाचा जोर चालूच असल्यामुळे ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाई आणि सबंध यंत्र मागच्या आसाभोवती फिरून चालकाच्या अंगावर पडे. अशा रीतीने कित्येक माणसे मेली. फर्ग्युसनने नांगर मागे ओढावयाचे सोडून तो ट्रॅक्टरच्या शरीराचाच अवयव केला. खालचे दोन दांडे नांगर ओढतात. वरचा एक दांडा नांगराचा उलटण्याकडे असलेला कल घेऊन ट्रॅक्टरला पुढे दाबतो, त्यामुळे पुढची चाके जमीन सोडत नाहीत. नांगराचे आणि मातीच्या ओढीचे वजन मागच्या चाकांवर येते, म्हणून हलका ट्रॅक्टर जड ट्रॅक्टराइतका ओढतो. फाळ एकाएकी अडकलाच तर तेलाच्या दाबावर चालणारी उचलयंत्रणा नांगराचा भार सोडून देते. चाके जागीच गरगरतात, पण यंत्र उलटत नाही. आज आपल्याकडच्या कोणत्याही ट्रॅक्टरमागे ही तीन दांड्यांची जोडणी दिसते. मद्रासेत १९६० साली स्थापन झालेल्या ‘टॅफे’ कंपनीने जे मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर आपल्या शेतांत आणले, ते तर या करड्या यंत्राच्या सरळ वंशातलेच होत.

आता कपाटातली प्रतिकृती पाहू. ते तीन दांडे तिलाही आहेत. चांगल्या कारागिराने केलेली असेल तर ते वरखालीही होतात. सुकाणूचे चाक फिरते, रबरी टायरांवरचे उंचवटे मोजून घ्यावेत इतके नेमके असतात. तर मग उणे ते काय? पुष्कळांना वाटते की, फक्त आकार उणा आहे. आकार ही काही वस्तूची मुख्य गोष्ट नव्हे. येथे तर्काची पहिली चूक होते. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, वस्तू लहानमोठी केली असता तिचे सर्व गुण एकाच प्रमाणात लहानमोठे होत नाहीत. ट्रॅक्टर सोळापटीने लहान केला तर त्याची लांबी सोळावा हिस्सा होते, पृष्ठभाग दोनशे छप्पन्नावा हिस्सा होतो, आणि वजन? ते चार हजार शहाण्णवावा हिस्सा होते. आतले प्रत्येक चक्र, प्रत्येक खिळा त्याच धातूचा आणि त्याच प्रमाणात घातला, तरी अकराशे किलोंचे दोनशे सत्तर ग्रॅमही राहत नाहीत. आणि ट्रॅक्टर ओढतो तो मुख्यतः चाकांवर पडणाऱ्या भाराने. फर्ग्युसनची सारी बुद्धी त्या भाराचा हिशेब मांडण्यात खर्च झाली होती. ट्रॅक्टर सोळापटीने लहान करता येतो. ढेकूळ लहान करता येत नाही, मुळे बारीक करता येत नाहीत, ओल्या चिकणमातीचा चिकटपणा कमी होत नाही. सोळाव्या हिश्श्याच्या ट्रॅक्टरात खरेखुरे इंजिन बसविले तरी ते कुंडीतली मातीसुद्धा उलथणार नाही. म्हणजे आकार कमी करताना आपण नकळत ट्रॅक्टरत्वच काढून घेतले, आणि मातीच्या गायीपाशी येऊन पोहोचलो.

परंतु प्रतिकृतीचा निकाल इतक्या लवकर लावणे अन्यायाचे होईल, कारण याच ट्रॅक्टरच्या इतिहासात एका खेळण्याने फार मोठे काम केले आहे. १९३८ च्या ऑक्टोबरात फर्ग्युसन अमेरिकेत हेन्री फोर्ड यांना भेटला. आपले यंत्र त्याने प्रथम त्यांच्या शेतावर चालवून दाखविले. नंतर घरातून एक टेबल बाहेर आणविण्यात आले, आणि त्यावर त्याने किल्लीवर चालणारा एक चिमुकला ट्रॅक्टर व नांगर ठेवून दांड्यांतील बलांचे मर्म उलगडून सांगितले. फोर्ड यांना ते पटले आणि नुसत्या हस्तांदोलनावर करार झाला. पुढच्याच वर्षी फोर्ड कंपनीचा त्या पद्धतीचा ट्रॅक्टर बाजारात आला. (त्या हस्तांदोलनाची अखेर कोर्टकचेरीत झाली आणि १९५२ साली साडेब्याण्णव लाख डॉलर्सवर तडजोड झाली, हे वेगळे.) शेतात प्रत्यक्ष नांगर चालताना फाळ मातीखाली असतो, आवाज व धूर असतो, बले डोळ्यांना दिसत नाहीत. टेबलावर ती दिसली. मोठ्या यंत्राला जे जमत नव्हते, ते लहानाने केले. येथे आकृती ज्ञानाचे साधन झाली. आकृतीवाचून जाती ओळखता येत नाही, म्हणूनच तर गौतमांनी आकृतीला अर्थातून वगळले नसावे.

आणखी एक उदाहरण त्याहून साधे आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यात डब्यूक गावी १९४५ साली फ्रेड अर्टल नावाच्या ओतकामगाराने युद्धातून उरलेल्या विमानांचे पिस्टन घरच्या भट्टीत वितळवून त्यांचे खेळण्यातले ट्रॅक्टर ओतावयास आरंभ केला. पुढे त्याचा मोठा कारखाना झाला आणि १९५९ साली तो जवळच्या डायर्सव्हिल गावी गेला. शेतकऱ्याने दुकानातून ट्रॅक्टर घ्यावा आणि त्याच्या मुलाने त्याच रंगाचा, त्याच नावाचा लहान ट्रॅक्टर घ्यावा, असा तो व्यवहार होता. बाप शेत नांगरीत असे, मुलगा वाळूचा ढीग नांगरीत असे. त्या खेळण्याचे रंग उडत, चाक निखळे, एखादा दिवस ते पावसात राही. वाळूतल्या त्या नांगरटीने धान्य उगवत नव्हते हे खरे, पण मुलाच्या ठिकाणी काहीतरी पेरले जात होते. खेळण्याचे काम खेळविणे, ते काम ते पुरेपूर करीत होते.

आता संग्राहकांच्या बाजाराची रीत पाहा. तेथे सर्वांत अधिक मोल येते ते ज्याला कोणाही मुलाने हात लावला नाही अशा खेळण्याला. आणि खोके शाबूत असेल, त्यावरची चिठ्ठी फाटलेली नसेल, तर त्याहून अधिक. वाळूत रंग उडालेला ट्रॅक्टर ‘खराब’ ठरतो आणि खोक्यातून कधी बाहेरच न आलेला ‘उत्तम’. माझ्या मते ही विपरीत बुद्धी आहे. छंदाला मी नावे ठेवीत नाही. बारीक कारागिरीकडे टक लावून पाहण्यात निर्मळ आनंद आहे आणि तो कोणाचे काही हिरावून घेत नाही. पण ज्या खेळण्याचे आयुष्य सुरूच झाले नाही त्याला आपण सर्वश्रेष्ठ म्हणू लागलो, की आपली दृष्टी कोठेतरी तिरकी झाली असे समजावे.

आणि हीच तिरकी दृष्टी मोठ्या यंत्राकडे वळते तेव्हा खरा घोटाळा होतो. सत्तर वर्षांचा फर्ग्युसन गोठ्यामागे सापडतो तेव्हा त्याच्या अंगावर सत्तर वर्षे लिहिलेली असतात. क्लचचे पेडल एकाच बाजूने झिजलेले असते, कारण चालवणाऱ्याचा पाय तसा पडत असे. मडगार्डवर पोचा असतो. एका दांड्याला गावातल्या लोहाराने दिलेला जोड असतो, ओबडधोबड पण भक्कम. बैठकीचा पत्रा बसून बसून गुळगुळीत झालेला असतो. जीर्णोद्धार करणारा मनुष्य हे सर्व खरवडून काढतो. पोचे भरतो, जोड दिलेला दांडा फेकून नवा घालतो, आणि वर रंगाचा असा थर देतो की त्यात आपले तोंड दिसावे. कारखान्यातून निघालेल्या कोणत्याही फर्ग्युसनला तशी झळाळी नव्हती. तो रंग गंज लागू नये म्हणून दिलेला होता, दागिन्यासारखा मिरविण्यासाठी नव्हे. मग ते यंत्र दुसऱ्या गाडीवर चढवून प्रदर्शनाला नेतात, दोरीच्या आत उभे करतात, आणि माती लागू नये म्हणून परत गाडीवरच घरी आणतात. अशा यंत्राला काय म्हणावे? ते अकराशे किलोंचे आहे, त्याच्यात इंजिन आहे, पण ते एकास एक या प्रमाणात केलेली प्रतिकृती आहे. कपाटातल्या लहान ट्रॅक्टरच्या पोटाखाली निदान ‘१:१६’ असा आकडा कोरलेला असतो. आपण कोण आहोत हे तो लपवीत नाही.

येथे प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकले पाहिजे. ते म्हणतील, आम्ही उचलून आणले नसते तर ते यंत्र आज भंगारच्या भट्टीत असते. रंग दिला नसता तर गंजाने खाल्ले असते. तुमच्या त्या झिजलेल्या पेडलचे कौतुक करावयास ते पेडल तरी उरले असते काय? हे सर्व खरे आहे. शिवाय काम करू द्यावे म्हटले तर कामानेच यंत्र झिजते; प्रत्येक हंगामात एकेक मूळ भाग जातो आणि त्या जागी नवा येतो. शेवटी उरते ते काय? मिलिंद राजाला नागसेन भिक्षूने हाच प्रश्न रथाविषयी विचारला होता. आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय? कोणत्याच प्रश्नाला राजाला ‘होय’ म्हणता आले नाही. या सर्वांच्या आश्रयाने ‘रथ’ हे नाव व्यवहारात येते, इतकेच तो कबूल करू शकला. या न्यायाने पाहिले तर झळाळीचा ट्रॅक्टर आणि झिजका ट्रॅक्टर यांत भेद करण्याचा आम्हाला अधिकार काय, असे कोणी विचारील.

मला वाटते, अधिकार आहे. तो कोणता भाग मूळचा, या हिशेबावर उभा नाही. लोहाराने दिलेला जोड हा सुद्धा मूळचा भाग नव्हे. तरी तो त्या यंत्राचा आहे, कारण तो कामाच्या ओघात आला. उद्याचे शेत नांगरावयाचे होते म्हणून आला. रंगाखाली त्याला पुरून टाकले जाते ते मात्र काम पुढे चालावे म्हणून नव्हे, काम कधी झालेच नव्हते असे दिसावे म्हणून. दोन्ही ठिकाणी भाग बदलला. एका ठिकाणी यंत्राचे चरित्र लांबले, दुसऱ्या ठिकाणी ते पुसले गेले. आणि यंत्राच्या चरित्राबरोबर दुसऱ्या कोणाचे तरी चरित्र पुसले जाते, ही त्यातली बोचणारी गोष्ट आहे. पेडल झिजविणारा पाय कोणाचा होता? बहुधा त्याचे नाव कोठेही लिहिलेले नाही. ती झीज हीच त्याची सही होती.

प्रतिकृतीत तर हा मनुष्य अगोदरपासूनच नसतो. तिच्या बैठकीवर कोणी नसते, आणि असलाच तर रंगविलेला, हसरा. ज्या घोड्यांना या यंत्राने कामावरून काढले ते तेथे नसतात, जे शेतमजूर गाव सोडून गेले ते नसतात, आणि आडवा उलटून मेलेला चालक नसतो. होय, फर्ग्युसनच्या दांड्यांनी मागे उलटण्याचा धोका कमी केला, पण उतारावर बाजूला उलटण्याचा धोका राहिलाच. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांवर चालकाच्या संरक्षणाची चौकट सक्तीची केली, ब्रिटनमध्ये ती सक्ती १९७० साली आली. करड्या फर्ग्युसनवर तसले काही नव्हते. प्रतिकृती निरुपद्रवी असते आणि म्हणूनच ती इतकी गोड वाटते. भूतकाळावर निरुपद्रवी प्रेम करणे सोपे असते. खरे यंत्र जवळ जाताच तेलाचा वास देते, हात काळे करते, चुकलात तर बोट घेते. आपल्या पूर्वीच्या माणसांनी काय सोसले आणि काय मिळविले, हे एकाच वेळी सांगते. १९५८ च्या जानेवारीत एडमंड हिलरी दक्षिण ध्रुवावर पोहोचले ते असल्याच तीन फर्ग्युसन ट्रॅक्टरांनी, चाकांवर पट्टे चढवून. त्या यंत्रांना कोणी बर्फासाठी घडविले नव्हते. उघड्या बैठकीवर बसून त्या थंडीत ती हाकणाऱ्यांची कल्पना काचेच्या कपाटासमोर बसून येत नाही.

आपल्याकडे पोळ्याच्या दिवशी ज्यांच्या दारी बैल नाही अशी शहरातली घरे मातीचे बैल आणून पूजतात. न्यायसूत्रांतल्या मातीच्या गायीला प्रोक्षण नव्हते. आमच्या मातीच्या बैलाला मात्र हळदकुंकू मिळते, नैवेद्य मिळतो. ही विसंगती नव्हे. मातीच्या बैलाला कोणी औताला जुंपीत नाही आणि तो नांगरील अशी कोणाची समजूतही नसते. घरातल्या वृद्धांना खऱ्या बैलाचे वशिंड, त्याच्या खांद्यावरचे जुवाचे घट्टे, पाऊस लांबला त्या वर्षीचे त्याचे बरगड्या दिसणारे अंग आठवत असते. त्या आठवणीच्या वाटेने ते हळदकुंकू खऱ्या बैलापर्यंत पोहोचते. ज्या घरात ही आठवण सांगणारे कोणी उरले नाही तेथे मात्र मातीचा बैल शोभेचा होतो. पुढच्या वर्षी तो रंगीत प्लास्टिकचा आला तरी कोणाला फरक जाणवत नाही. ट्रॅक्टरच्या प्रतिकृतीचेही तसेच आहे. ज्याने तो चालविला, किंवा ज्याच्या बापाने चालविला, त्याच्या हातात ती प्रतिकृती म्हणजे एक दार असते. इतरांच्या हातात ती सुबक वस्तू असते, आणि त्यांना तिची गोष्ट सांगितली नाही तर तेवढीच राहते.

जुन्या वास्तूंच्या जतनाविषयी १९६४ साली व्हेनिस येथे जी सनद झाली तीत नवा घातलेला भाग एकंदर वास्तूत सामावून जावा, पण जुन्यापासून वेगळा ओळखू यावा, असे तत्त्व सांगितले आहे. जुन्या वाहनांसाठी २०१२ साली तुरिन येथे त्याच धर्तीची सनद झाली. शेतकी यंत्रे जपणाऱ्यांनी हे तत्त्व अंगीकारले तर त्यांच्या छंदाला काही बाध येणार नाही. बदललेल्या भागाच्या आतल्या बाजूस बदलल्याचे साल कोरावे. बॉनेटच्या आत हातभर जागा जुन्या करड्या रंगाची तशीच राहू द्यावी. लोहाराचा जोड शक्य तर काढूच नये. ब्रिटनमधील नांगरणीच्या स्पर्धांत जुन्या ट्रॅक्टरांचा वेगळा वर्ग असतो; तेथे ही यंत्रे सरळ तास काढतात, आणि तास वाकडा गेला तर परीक्षक यंत्राचे वय पाहत नाहीत. ज्यांना तेथवर जाता येत नाही त्यांनी वर्षातून एकदा, जमिनीत ओल असताना, आपल्या ट्रॅक्टरला नांगर जोडून घरच्या मुलांना बांधावर उभे करावे आणि फाळ मातीत शिरताना इंजिनाचा आवाज कसा खाली उतरतो तो ऐकू द्यावा. त्यांच्यापैकी एखाद्याच्या हातात कपाटातला लहान ट्रॅक्टर असला तर फारच चांगले. तीन दांडे कशासाठी आहेत ते त्याला तेथल्या तेथे दाखविता येईल. रंगाला ओरखडे पडतील, आणि पुढच्या प्रदर्शनात गुण कापले जातील.